धूळपाटीवरचा अंगठा

१

धूळपाटी हा शब्द आता बहुधा कोशातच भेटतो. लाकडी फळीवर बारीक माती पसरायची, तळहाताने ती सारखी करायची आणि बोटाने किंवा काडीने तिच्यावर अक्षर गिरवायचे. अक्षर चुकले की पुन्हा तळहात फिरवायचा. चूक जाई आणि चुकल्याची लाजही जाई. दगडी पाटी पुढे आली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी मुळाक्षरे धुळीतच काढली. या शब्दात मला नेहमी एक प्रकारची दया जाणवत आली आहे. शिकणाऱ्याच्या हातून जे वेडेवाकडे घडते त्याचा साक्षीदार राहू नये, अशी ती सोय होती.

महाजालावर जो मुक्त ज्ञानकोश आहे, त्याच्या मराठी आवृत्तीत नवख्यांना सरावासाठी एक पान मिळते. त्या पानाला कोणा जाणत्याने हेच नाव दिले आहे. ते प्रथम वाचले तेव्हा मला इतका आनंद झाला की, त्या पानाचा गुणधर्म तपासण्याचे मला सुचलेच नाही. या धूळपाटीच्या माथ्यावर ‘इतिहास’ अशी एक कळ असते. ती दाबली की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय लिहिले आणि काय पुसले, हे सारे ओळीने समोर येते. मातीची धूळपाटी विसरत असे. ही विसरत नाही.

मी हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगितले होते. सांगणाऱ्याला ते कळले होते असे मात्र म्हणता येणार नाही.

२

आमचे महाविद्यालय संग्रामपूर तालुक्यात आहे; त्याचे नाव येथे देत नाही. मी तेथे मराठीचा विभागप्रमुख होतो. २०२३च्या जानेवारीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एक नवा स्वाध्याय आला: प्रत्येकाने आपल्या गावाविषयी ज्ञानकोशात लेख लिहायचा. दर गुरुवारी, साडेअकरा ते एक, संगणककक्षात.

त्या कक्षाच्या पश्चिमेच्या खिडक्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवाराकडे उघडतात. कापसाच्या हंगामात तिकडून दिवसभर यंत्रांची एकसुरी घरघर येते आणि तिच्याबरोबर रुईचे तंतू येतात. जाळी लावूनही ते थांबत नाहीत. कक्ष झाडणाऱ्या आशाबाई सकाळी टेबले पुसत; तासाभरात त्यांच्यावर पुन्हा राखाडी, मऊ थर बसलेला असे. अठरा संगणक होते, पैकी चौदा चालत.

पहिल्या गुरुवारी सकाळी हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा नाकारला. उजव्या हातात डबा आणि पुस्तके असत, म्हणून डावा अंगठा लावण्याची माझी सवय होती. सहा वर्षे यंत्राने तो बिनतक्रार ओळखला होता. त्या दिवशी यंत्रातली बाई तीनदा ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणाली. मागे उभ्या आशाबाई म्हणाल्या, “सर, थंब पुसून घ्या. रुई चिकटली असन.” मी तो धोतराला पुसला. चौथ्या वेळी यंत्राने मला ओळखले आणि मी ते विसरून गेलो.

वर्ग मोठा उत्साही होता. वरवट बकालच्या जुनेदने पहिल्याच परिच्छेदात लिहिले की, त्याच्या बद्रुद्दीनचाचांची भजी तालुक्यात प्रसिद्ध आहेत. मी विचारले, संदर्भ काय? तो म्हणाला, “सर, दुपारी चला ना. संदर्भ गरमागरम भेटन.” वर्ग हसला, मीही हसलो. मग मी समजावले की, ज्ञानकोशात आपण पाहिलेले, ऐकलेले चालत नाही. कोठेतरी आधी लिहिले गेलेले आणि छापले गेलेले दाखवावे लागते. जुनेद म्हणाला, “म्हन्जे खाल्लं त्याचं खोटं, अन् लिवलं त्याचं खरं?”

त्या वाक्यावरही वर्ग हसला.

खिडकीजवळच्या सातव्या संगणकावर महामाया बसे. ती हसली नाही. ती कमी बोले, लिहिताना एकही अशुद्ध शब्द येऊ देत नसे आणि तिचे निबंध मी इतर वर्गांत वाचून दाखवीत असे. तिची आई जनकाबाई दर पौषात माझ्या घरी ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी पाठवी. का पाठवी ते पुढे येईल.

३

दुसऱ्या गुरुवारी जुनेदने हात वर केला. त्याच्या धूळपाटीवर भज्यांच्या मजकुराखाली एक ओळ होती, आणि ती त्याने लिहिलेली नव्हती.

शिशीवर कागद नोता.

मी ते वाक्य ओळखले नाही, असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले. एक ग्रामीण उच्चाराचे, वर्गातल्या चुकार मुलांपैकी कोणी खोडी म्हणून टाकलेले वाक्य. बाटलीला आमच्याकडे शिशी म्हणतात आणि तिच्यावरच्या चिठ्ठीला कागद. मी ते पुसले आणि खोडी कोणाची हे वर्गासमोरच सिद्ध करावे म्हणून ‘इतिहास’ उघडला.

ओळ बारा वाजून दहा मिनिटांनी लिहिली गेली होती. लिहिणाऱ्याच्या जागी माझे नाव होते.

ज्ञानकोशात प्रत्येक बदलाबरोबर त्याचे कारण थोडक्यात नोंदवण्याची रीत आहे. मी मुलांचे लेख सुधारताना तेथे नेहमी एकच शब्द लिहीत असे: शुद्धलेखन. त्या ओळीपुढेही तोच शब्द होता.

बारा दहाला मी फळ्यापाशी उभा होतो. वर्गातल्या बावीस जणांनी मला पाहिले होते. हातात खडू होता. पण बुद्धीला उत्तर लगेच सापडले. आदल्या आठवड्यात मी एखाद्या संगणकावर माझे खाते उघडेच ठेवले असणार. मी मुलांना सौम्य शब्दांत समज दिली आणि त्यांच्या देखत परवलीचा शब्द बदलला. नवा शब्द पाणिनीच्या एका सूत्रातून घेतला. तो त्या कक्षात दुसऱ्या कोणालाही सुचणे शक्य नव्हते.

जुनेद एवढेच म्हणाला, “सर, कोनी तुमच्या नावानं लिवून राह्यलं म्हन्जे तुमाले ओयखते बरं.”

४

तिसऱ्या गुरुवारी ती ओळ पाच जणांच्या धूळपाट्यांवर होती.

येथे माझ्या हातून जे घडले ते मला आजही समजावता येत नाही. ओळ पुसायला हवी होती. मी ती दुरुस्त केली. ‘नोता’ खोडून ‘नव्हता’ लिहिले, ‘शिशी’ खोडून ‘बाटली’ केली, कारणाच्या जागी ‘शुद्धलेखन’ असे टंकले आणि पान जतन केले. चाळीस वर्षांची सवय विचारापेक्षा वेगवान असते. पान पुन्हा उघडले तेव्हा माझी दुरुस्ती गेली होती, मूळ शब्द परत आले होते आणि त्यांच्यापुढे एक वाक्य वाढले होते.

शिशीवर कागद नोता. मी म्हनलं, मालक, हे कायचं हाये.

एक वाजता जिनिंगची यंत्रे जेवणासाठी थांबतात. घरघर बंद पडली की कानात एक पोकळी उरते आणि बारीकसारीक आवाज मोठे होतात. मुले पिशव्या आवरून निघाली होती. त्या पोकळीत मला एक कळ दाबल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने दुसरी. अक्षरे ठाऊक नसलेला माणूस एका बोटाने शोधत शोधत लिहितो, तसे.

मी मागे वळलो. सर्व खुर्च्या रिकाम्या होत्या. मी टेबलांच्या रांगेतून चालत गेलो. सातव्या संगणकाच्या कळफलकाशेजारी, रुईच्या थरात, अंगठ्याचा एक ठसा होता. कोणाचाही असू शकला असता. ठशाच्या मधून मात्र एक तिरपी रेघ गेली होती, टोकापासून पेरापर्यंत, जुन्या जखमेच्या वणासारखी.

तो अंगठा मी पाहिला होता. मी तो धरला होता.

५

२०१७च्या आश्विनातली गोष्ट. अळी लागणारच नाही या भरवशावर घेतलेल्या बीटी कपाशीच्या बोंडांत त्या वर्षी गुलाबी अळी निघाली. ज्याच्या हाती जे औषध आले ते त्याने पंपात मिसळले. उभी कपाशी, पऱ्हाटी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर परत येत होता. नारायणरावांच्या शेतात पंजाबराव नावाचा मजूर फवारणी करता करता कोसळला. नारायणरावांचे बी-बियाणे आणि औषधांचे दुकान होते. ते आमच्या संस्थेच्या नियामक मंडळावरही होते. पंजाबराव म्हणजे महामायेचे वडील.

नारायणराव माझ्या घरी आले आणि म्हणाले, चौकशी समिती बसणार आहे. गरिबाचे म्हणणे कोणी नीट लिहून घेतले नाही तर ते वाऱ्यावर जाईल. आणि तालुक्यात तुमच्यासारखा लिहिता हात नाही. ही स्तुती मला खरी वाटली. मी दवाखान्यात गेलो.

पंजाबराव डोळे मिटून बोलत होते. अंग घामाने निथळत होते आणि त्या घामालाही औषधाचा वास होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते जसे बोलले तसे मी कच्च्या कागदावर उतरवले: “सकायी पंप भरला. शिशीवर कागद नोता. मी म्हनलं, मालक, हे कायचं हाये. त्याइनं सोताच्या हातानं पंपात ओतलं न् म्हने, मार, काही नाई होत. दुपारले डोयासमोर अंधार आला.”

तो कागद नारायणरावांनी वाचला. ते चिडले नाहीत. मृदू आवाजात म्हणाले, “सर, हे असं गावरान सायबाले कसं द्याचं? जरा शुद्ध करा.” मग मधल्या तीन वाक्यांवर बोट ठेवून म्हणाले, “हे त बरळनं आहे. तापात बोलला तो.”

मी शुद्ध केले. ‘जबाब’ हा शब्द परभाषेतला म्हणून वर ‘निवेदन’ असे लिहिले. मधली तीन वाक्ये बोजड होती, पुनरुक्त होती. ती मी काढली. त्यांच्या जागी लिहिले, “औषधांचे मिश्रण करताना मजकडून आवश्यक ती दक्षता घेतली गेली नाही.” हे वाक्य निर्दोष आहे. त्यात पंजाबरावांचा एकही शब्द नाही.

चौथ्या दिवशी मी स्वच्छ प्रत घेऊन गेलो तेव्हा ते बेशुद्ध होते. जनकाबाई औषधे आणायला खाली गेल्या होत्या. कागदाच्या शेवटी रीतीप्रमाणे लिहिलेले होते: वरील निवेदन मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी त्यांचा डावा अंगठा धरला. त्यावर विळ्याच्या जखमेचा तिरपा वण होता. मी तो शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. त्या वेळी तो अंगठा माझ्या मुठीत किंचित मागे ओढला गेला. मी ती अशक्ताच्या स्नायूंची थरथर समजलो.

सहाव्या दिवशी ते गेले. समितीने कारण नोंदवले: स्वतःचा निष्काळजीपणा. गाव त्याहून पुढे गेले आणि म्हणू लागले की, पंजाबराव पिऊन फवारत होता. कच्चा कागद मी दवाखान्यातच फाडला होता. पुढच्या जूनमध्ये मी विभागप्रमुख झालो. या घटनांमध्ये मी कार्यकारणाचा संबंध लिहिलेला नाही. वाचकाने तो लावल्यास माझी हरकत नाही.

जनकाबाईंना मात्र एवढेच माहीत होते की, सरांनी त्यांच्या नवऱ्याचे अखेरचे शब्द लिहून घेतले. म्हणून शेंगा.

६

चौथ्या गुरुवारी महामाया आपला लेख घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मला तिचा संशय होता. ती वाक्ये माझ्या आणि नारायणरावांखेरीज फक्त मृताला ठाऊक होती. पण बापाने मरणापूर्वी लेकीला काही सांगितले असेल, लेकीने पाच वर्षे ते मनात धरून ठेवले असेल, तर ते अशक्य कोटीतले नव्हते. मला ते तसे असावे असे वाटत होते. जिवंत माणसाचा सूड मला समजला असता. तिच्या डोळ्यांत मी तो शोधला. तेथे केवळ विद्यार्थिनी होती.

तिने आपल्या गावावर लिहिले होते: लोकसंख्या, पिके, विहार, शाळा. शेवटी ‘फवारणीतील विषबाधा’ असा एक मथळा होता आणि त्याखाली कोरी जागा. वर्गात ती प्रमाण भाषेत बोले. त्या दिवशी बोलली नाही.

“सर, संदर्भ एकच हाये. समितीचा अहवाल. त्याच्यात लिवलं हाये का माह्या बाबानं सोताच्या तोंडानं चूक कबूल केली. दुसरा कागद नाई. तुमीच सांगतलं, कागदाबिगर लिवता येत नाई. मंग मी हेच लिवू का?”

मी मथळ्याखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिले.

“गाव म्हनते ते पिऊन होते. ते पीत नोते, सर. हे मले माहीत हाये, आईले माहीत हाये, पन आमी त संदर्भ नोहे. तुमी तिथं होते ना. तुमीच सांगा काय लिवू.”

खरे सांगण्याची अशी संधी माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही. वर्गात बावीस मुले होती. निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालो, “संदर्भ आहे ना? मग लिही.”

ती आपल्या जागेवर गेली आणि बापाचा निष्काळजीपणा तिने स्वतःच्या हाताने, एकही चूक न करता, लिहिला. खाली अहवालाचा क्रमांक दिला. मी तो मजकूर तपासला आणि मान्य केला.

७

त्या दिवशी एक वाजता मुले गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली. सातव्या संगणकावरून कोण काय करते हे एकदा शांतपणे पाहायचे, एवढाच माझा हेतू होता. मी तिच्या खुर्चीत बसलो. जिनिंग थांबले होते. छताचा पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला त्याचे एक पाते कसल्याशा तारेला लागून टिक असा आवाज येत होता.

टेबलावरची रुई मघाशी विखुरलेली होती. आता ती सारखी केलेली होती. कोणी तळहात फिरवून पाटी तयार करावी, तशी.

मी डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताने माऊस शोधू लागलो. तेवढ्यात पडदा आपोआप काळा झाला, काही वेळ न वापरल्यावर होतो तसा. काळ्या काचेत मागची खिडकी दिसली, पंखा दिसला, माझा चेहरा दिसला. खालच्या कडेला माझा डावा हात दिसला. त्या हाताच्या अंगठ्याभोवती चार बोटे होती.

बोटांच्या फक्त पाठी दिसत होत्या. नखे निळसर होती. मनगट काचेच्या कडेपलीकडे गेलेले होते. मी काचेत पाहत राहिलो. टेबलाकडे पाहिले नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेकांनी मला विचारले की, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिले. मी प्रतिबिंब पाहिले. बाकी जे होते ते त्वचेला कळले: ओली, निथळती पकड, आणि तो वास, जो पाच वर्षांपूर्वी घरी येऊन तीन वेळा हात धुऊनही गेला नव्हता.

मी अंगठा ओढून घेण्याचा यत्न केला. विषबाधेच्या चौथ्या दिवशी अंथरुणावर पडून असलेला माणूस जितका ओढू शकतो, तितकाच मला ओढता आला.

मग माझ्या उजव्या हाताची तर्जनी कळफलकावर गेली. तिला मी पाठवले नव्हते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. ती एक एक अक्षर शोधू लागली. पडदा उजळला. पंख्याचे टिक आणि कळीचे टिक यांतला फरक मला नंतर ऐकू येईनासा झाला.

दोनच्या भोंग्याला जिनिंग सुरू झाले तेव्हा मी एकटा होतो. महामायेच्या लेखात, तिच्या वाक्याच्या जागी, पंजाबरावांचा सगळा जबाब होता. पंपापासून अंधारापर्यंत. एकही शब्द शुद्ध केलेला नव्हता. ‘इतिहासा’त माझे नाव होते आणि पुढे तो नेहमीचा शब्द. रुईत दोन ठसे होते, शेजारी शेजारी. दोन्हींत तिरपी रेघ होती.

मी डावा अंगठा उजेडात धरला. टोकापासून पेरापर्यंत.

८

तो मजकूर दोन दिवसही टिकला नाही. दूरच्या शहरातल्या कोणा दक्ष संपादकाने ‘संदर्भ नाही’ असे लिहून तो काढला, आणि नियमाने ते योग्यच होते. मी सुटलो असतो. परवलीचा शब्द चोरीला गेला, एवढे म्हणणे पुरले असते. तोपर्यंत मात्र जुनेदने इतिहासाचे पान छापून महामायेच्या हातात दिले होते.

रविवारी सकाळी मी होऊन तिच्या घरी गेलो. रोज सकाळी हजेरीचे यंत्र मला नाकारत होते आणि आशाबाईंनी कारणे देणे सोडले होते. मी गेलो ते पश्चात्तापाने, असा समज कोणी करून घेऊ नये. मी भ्यालो होतो. जनकाबाई सूप घेऊन तुरीच्या शेंगा निवडत होत्या. उंबऱ्याशी माझ्यासाठी बांधलेली पिशवी होती. मी सगळे सांगितले: कच्चा कागद, तीन वाक्ये, नारायणरावांचे बोट, अंगठा, आणि तो मागे ओढला गेला होता तेही. जनकाबाईंचे हात एकदाही थांबले नाहीत.

महामायेने वही आणली आणि म्हणाली, बाबा जसे बोलले तसे सांगा. मी सांगितले; तिने लिहिले. एका ठिकाणी माझ्या तोंडून ‘नव्हता’ असे गेले. तिने लेखणी थांबवून नुसते माझ्याकडे पाहिले, आणि मी ‘नोता’ म्हणालो. त्याखाली मी काय केले ते तिने लिहिले, माझ्या नावासह, पदासह. मी खिशातून पेन काढले.

“सही नको, सर,” ती म्हणाली. “अंगठा द्या.”

आईच्या बचत गटाची शाईची डबी तिने कपाटातून आणली. माझा अंगठा तिनेच धरला, घट्ट, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. मी तो मागे ओढला की नाही, मला आठवत नाही. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

जनकाबाईंनी हात पदराला पुसून तो कागद घेतला आणि दाराच्या उजेडात नेला. त्यांना अक्षरे येत नव्हती; पण रेशनच्या आणि रोजगार हमीच्या कागदांवर नवऱ्याचा तो एक ठसा त्यांनी वीस वर्षे पाहिला होता. त्यांनी ठशातल्या तिरप्या रेघेवरून बोट फिरवले.

“हा सरायचा नोहे,” त्या लेकीला म्हणाल्या. “हा त्याइचा हाये.”

मग त्या परत बसल्या, उंबऱ्याशी ठेवलेली माझी पिशवी ओढली आणि तिच्यातल्या शेंगा सुपात ओतल्या.

९

पुढचे थोडक्यात सांगता येते. तो कागद तालुक्याला गेला, चौकशी पुन्हा उघडली आणि निष्काळजीपणाचा शेरा रद्द झाला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने ते छापले. छापील संदर्भ मिळताच महामायेने आपला लेख दुरुस्त केला आणि कारणाच्या जागी ‘शुद्धलेखन’ असे लिहिले. नारायणराव मंडळावर राहिले नाहीत. माझी निवृत्ती निरोपसमारंभाशिवाय झाली.

महाविद्यालयात आता ही हकिगत सांगतात. नवी मुले सातव्या संगणकावर बसत नाहीत, असे ऐकतो. या हकिगतीत ज्या चुका शिरल्या आहेत त्या दाखवणे हे माझे अखेरचे संपादन समजावे.

पहिली चूक अशी सांगतात की, मेलेला पंजाबराव येऊन लिहून गेला. पंजाबरावांना लिहिता येत नव्हते. लिहिणारा हात माझा होता. त्यांनी केवळ धरले होते. मीही त्यांच्या बाबतीत तेवढेच केले होते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोट यंत्रावर ठेवून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. गेल्या वर्षी डावा हात टाळून मी उजवा अंगठा लावला आणि ते चालले. या वर्षी यंत्राने तोही नाकारला. खिडकीमागची मुलगी भली होती. तिने माझे बोट कापसाच्या बोळ्याने पुसले, पुन्हा लावले, आणि म्हणाली, “काका, हा ठसा तुमच्या नावाशी जुळत नाई.” मी अंगठा दिव्याखाली धरला. रेघ नुकतीच सुरू झाली आहे, टोकापाशी, केसाएवढी. हाच हात लेखणी धरतो.

लोक म्हणतात की, त्या रविवारी अंगठा दिल्यावर पंजाबरावांनी सरांना सोडले. ‘सोडले’ हा शब्द येथे चुकीचा आहे.